उजवीकडची झाडं

घरातली सून जमीन बनवायची. सासूबाई शेजारीपाजारी मोठ्या अभिमानाने सांगत, "आमची सून जमिनीच्या कामात आहे," आणि ऐकणारा लगेच एखादा बरासा प्लॉट आहे का म्हणून विचारी. पण तिच्या जमिनीवर कुणाला पाय ठेवता येत नसे. घरोघरच्या कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचा एक खेळ होता. त्यातल्या टेकड्या, नद्या, झाडं, विजेचे खांब ती एका ऑफिसात बसून तयार करी. खेळणारी मंडळी हौशी, पण महाचिकित्सक. विमानातलं एखादं बटण बोटभर सरकलं तर पानभर तक्रार लिहीत. यंदा त्यांची तक्रार एकच होती: उंचावरून सगळं झकास दिसतं, पण विमान जमिनीलगत आणलं की खरं वाटत नाही. का वाटत नाही, हे मात्र एकालाही सांगता येत नव्हतं.

ते सांगू शकणारा माणूस तिच्याच घरात रोज सकाळी गॅलरीत बसून वर्तमानपत्रातली कोडी सोडवत होता. सासऱ्यांनी उमेदीची सव्वीस वर्षं लढाऊ विमान उडवलं होतं, आणि तेही रडारला पत्ता लागू नये म्हणून झाडांच्या शेंड्यांवरून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हे सुनेच्या ध्यानात यायला दोन महिने लागले. मग तिने भीत भीत विचारलं.

"त्या खेळण्यातलं मला काय कळणार?" सासरे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आधी बूट घालून दाराशी उभे राहिले.

ऑफिसात एक खुर्ची होती, पायाशी पेडल, हाताशी दांडा आणि समोर, डावीकडे, उजवीकडे असे तीन मोठे पडदे. सासऱ्यांनी दहा मिनिटं उडवलं आणि थांबले.

"या गाईंना पाय का नाहीत?"

सगळे हसले. विमानातून दिसणाऱ्या गाई, त्यांना पाय कशाला काढायचे? ऑफिसचा मुख्य, ज्याला सगळे मागून आणि कधीकधी पुढूनही 'दाढी' म्हणत, तो तर खो खो हसला.

"इतक्या खाली उंचीच्या काट्याकडे बघायला वेळ कुणाला असतो?" सासरे म्हणाले. "सेकंदाला सव्वादोनशे मीटर जमीन पोटाखालून जाते. काट्याकडे बघायचं म्हणजे दोन शेतं डोळे मिटून ओलांडायची. आम्ही गाई बघायचो. नुसती गाय दिसली तर तीनशे फूट. गाईचे पाय दिसले तर शंभर. आणि गाईने मान वर करून आपल्याकडे बघितलं, तर घरी गेल्यावर कुणाला सांगायचं नाही."

गाईंना पाय आले. सगळी झाडं एकाच मापाने कापल्यासारखी होती, ती लहानमोठी झाली. तारा कधीच दिसत नाहीत, खांब शोधायचे असतात, हे कळल्यावर खांब नीट उभे राहिले. आठवड्याभरात हौशी मंडळींची स्तुतीची पत्रं यायला लागली आणि सासऱ्यांचा शब्द ऑफिसात वेदवाक्य झाला. घरी ते जेवताना सुनेला टेकड्यांविषयी सूचना द्यायचे. इतकं बोलताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिचा नवरा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याच्या बापाला बोलता येतं ही बातमी तिने त्याला पत्रातून कळवली.

तिसऱ्या आठवड्यात सासरे म्हणाले, "उजवीकडे जमीन पातळ आहे."

"पातळ म्हणजे?"

"खाली उडताना समोरचं फक्त कुठे जायचं ते सांगतं. किती वेगात आहोत, किती खाली आहोत, ते कडा सांगतात. दोन्ही बाजूंनी जमीन वाहत गेली पाहिजे. डावीकडे वाहतेय. उजवीकडे काहीच नाही."

दाढीने ताबडतोब खेळातल्या खोऱ्याच्या उजव्या अंगाला दोन हजार झाडं लावायला सांगितली. सुनेने लावली. "अजून कमीच," सासरे म्हणाले. आणखी दोन हजार लावली. आता त्या बाजूला असं रान माजलं की बाकीच्यांना ते डोळ्यांत खुपायला लागलं, पण वेदवाक्यापुढे बोलणार कोण?

सुनेला मात्र चैन पडेना. खेळात सासऱ्यांचं विमान आजवर नऊ वेळा आपटलं होतं. तिने नऊही उड्डाणं पुन्हा लावून पाहिली. आठ वेळा उजवा पंख लागला होता. तिने आधी स्वतःची चूक शोधली, मग पडद्यांच्या वायरी तपासल्या, मग सोमवारी डाव्या आणि उजव्या पडद्याची अदलाबदल केली. फरक नाही. मंगळवारी तिने कुणाला ताकास तूर लागू न देता सगळं खोरं आरशात धरल्यासारखं उलटं केलं. ती चार हजार झाडं आता डावीकडे आली.

सासरे उडाले. चौथ्या मिनिटाला उजवा पंख टेकडीला लागला. त्यांनी दांडा सोडला, "आज पुरे," म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

सुनेने मनाशी हिशेब केला. पडदे उलटे केले, जमीन उलटी केली, आणि न दिसणारं भोक उजवीकडेच राहिलं. उलटी न झालेली एकच गोष्ट त्या खुर्चीत बसली होती. आणि तोच माणूस रोज सासूबाईंना शेजारी बसवून भर रस्त्यातून गाडी चालवत होता.

दुपारभर तिने या विषयावरचं मिळेल ते वाचलं. डोळ्याच्या एका आजारात आधी कडेची नजर जाते. माणसाला पत्ताही लागत नाही, कारण समोरचं लख्ख दिसत असतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र वेळेत डॉक्टरांकडे गेलं तर टिकवता येते.

बुधवारी ती लवकर घरी आली. सासरे फिरायला गेले होते. सासूबाई उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होत्या. सून समोर बसली आणि जे होतं ते तिने सांगितलं.

"कळलं का तुला," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "सात महिने झाले. शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई रस्ता ओलांडत होती, उजवीकडून. यांना दिसलीच नाही. हातभर अंतर राहिलं. तेव्हापासून मी गाडीत बोलते. उजवीकडून सायकल, उजवीकडे आजोबा थांबलेत. मला काय बडबडीची हौस आहे?"

"मग त्यांना का नाही सांगितलंत, आई?"

"यांचं उडणं बंद झालं तेव्हा तू या घरात नव्हतीस. वरून विमान गेलं की हा माणूस रेडिओ मोठा करायचा. वर्षभर. ते परत बघायची माझ्यात ताकद नाही. झाकली मूठ राहू दे. मी बसते ना डोळ्यांत तेल घालून."

"तुम्ही रस्ता बघाल, आई. पण उरलेली नजर रोज थोडी थोडी जातेय. ती कशी थांबवणार?"

इस्त्री अभ्र्यावर तशीच राहिली. वास यायला लागला तेव्हा सुनेने ती उचलून बाजूला ठेवली.

"मग तूच सांग," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून निघायचं नाही. कालपासून गाडीची बॅटरी उतरलीय, ती दुरुस्त होईतो तेवढे दिवस आहेत तुझ्या हातात."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं. सासरे खुर्चीत बसून होते, पडदे बंद. सुनेने त्या आठ अपघातांची चित्रं छापून आणली होती, डॉक्टरांची उद्या अकराची वेळ घेतली होती, आणि सकाळपासून चार वाक्यं पाठ केली होती. त्यातलं पहिलं बोलायला ती खुर्चीजवळ गेली.

"मंगळवारी खोरं उलटं केलं होतंस ना?" सासऱ्यांनीच विचारलं.

"तुम्हाला कळलं?"

"अगं, डाव्या हाताची नदी उजव्या हाताला आली. एकदा खालून उडवलेली जमीन मी विसरत नाही. पहिल्या वळणावरच कळलं. म्हटलं, पोरगी हुशार आहे, बाजू तपासतेय. आता भोक डावीकडे गेलं पाहिजे. नाही गेलं."

सुनेने चित्रं पाठीमागे लपवली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

"घरी गेलो आणि बॅटरीची वायर काढून ठेवली," ते म्हणाले. "तुझ्या सासूला सांगितलं, उतरलीय. इथे टेकडीला धडकलो तर पुन्हा धावपट्टीवर उभा राहतो. तिथे ती शेजारी बसलेली असते."

"मग काल का नाही बोललात, बाबा?"

"लोभ सुटला. सांगितलं की तुम्ही मला काढणार, आणि ते बरोबरच आहे. म्हटलं, आणखी दोन दिवस उडवून घेऊ."

सुनेला रडू आलं आणि रागही आला, आणि पाठ केलेलं सगळं विसरून ती म्हणाली, "कुणी काढत नाही तुम्हाला. गाईंचे पाय काय उजव्या डोळ्याने सांगितले होते का? उद्या अकराला डॉक्टरांकडे जायचंय. सोमवारी परत इथे."

सासऱ्यांनी मधला पडदा सुरू केला. मग म्हणाले, "ती उजवीकडची झाडं तेवढी काढून टाक. ती जमिनीची नाहीत, माझी आहेत."

तिने खोरं सुलटं केलं आणि त्यांच्यादेखत चार हजार झाडं काढली. खालची टेकडी उघडी झाली, जशी पहिल्या दिवशी होती तशी.

संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. सासरे त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले, वरिष्ठांपुढे उभे राहतात तसे.

"माझ्या उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. बॅटरी उतरलेली नाही, मी वायर काढलीय. यापुढे गाडी मी चालवणार नाही."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. सासरे पार गोंधळले.

"अगं, डोळा माझा गेला, आणि पाणी तुझ्या डोळ्याला?"

मग मात्र सात महिन्यांचं सगळं बाहेर आलं. सायकली, आजोबा, शाळेच्या कोपऱ्यावरची बाई, एकेक वळण. सासरे स्टूल ओढून बसले आणि ऐकत राहिले.

"मला वाटायचं, तुझा माझ्या चालवण्यावर भरवसा नाही," शेवटी ते म्हणाले.

"नव्हताच," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही बसने निघाली. लवकरच निघाली, कारण सासऱ्यांना वेळेआधी पोचायची जुनी सवय. सासूबाई खिडकीशी बसल्या, रस्त्याकडे एकदाही न बघता त्यांनी मान सासऱ्यांच्या खांद्यावर टाकली आणि दुसरा थांबा यायच्या आत गाढ झोपल्या. तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरलेली. पर्स सुनेने उचलून घेतली.

दवाखान्याचा थांबा आला. सून त्यांना उठवायला वाकली, तर सासऱ्यांनी हातानेच तिला थांबवलं.

"झोपू दे," ते हळूच म्हणाले. "पुढच्या थांब्यावर उतरू आणि मागे चालत येऊ."