आईच्या जबड्यातलं मूळ

लोसाचा गाल इतका सुजला होता की डावा डोळा मिटून गेला होता. सूज हनुवटीखाली उतरली होती, अंग तापानं फणफणत होतं. दहाच्या भरतीला मोठ्या बेटावरच्या दवाखान्याकडे जाणारी बोट सुटणार होती. त्यानंतर चार दिवस बोट नाही. किडक्या दाढेचं विष गळ्यात उतरलं की सहा वर्षांची पोर चार दिवस काढत नाही, हे त्या अख्ख्या बेटावर एकाच माणसाला ठाऊक होतं. तिच्या आत्याला, सिआलेला.

आणि ती बया गप्प होती!

दर मंगळवारी शाळेत पोरांना रांगेत उभं करून दात घासायला लावणारी, फ्लोराइडची गुळणी करून घेणारी हीच ती दातांची नर्स सिआले. "पोराची दाढ किडली म्हणजे चूक घरच्यांची," असं चर्चच्या अंगणात ठणकावून सांगायची. आणि घरी? भावाची ही लेक दोन वर्षं तिच्याचकडे झोपायची. रोज रात्री डब्यातलं घट्ट गोड दूध बाटलीत घालून ती पोरीला द्यायची. स्वतःचं मूल नव्हतं बिचारीला. बाटली तोंडात धरून पोर झोपी गेली की तिला भरून पावल्यासारखं वाटे. आता दवाखान्यात पहिला प्रश्न हाच येणार होता, की पोर झोपताना काय घेते?

गेल्या तीन रात्री दाराबाहेर कुणीतरी दातांवर दात घासतंय, असं तिला ऐकू येत होतं.

"ताई, हे आपल्या मेलेल्या आईचंच दुखणं पोरीत उतरलंय," तिचा भाऊ फेलेती सकाळी खाली मान घालून म्हणाला. "तिच्या थडग्याजवळचा पांगारा केवढा माजलाय बघ. मूळ तिच्या जबड्यात शिरलं असणार. ते काढल्याशिवाय पोरीचा ठणका थांबायचा नाही."

तिथं आत्याचा शब्द म्हणजे कायदा. बहिणीपुढे आवाज चढवणारा भाऊ त्या बेटावर जन्मला नव्हता. 'बोटीवर ने' एवढं ती म्हणाली असती, तर तो पोरीला उचलून धावत सुटला असता.

"आधी आईला बघू," सिआले म्हणाली.

सेमिसीकाकांनी थडग्यावरची पांढरी वाळू उपसायला घेतली. "वहिनी, रागावू नको हं," ते खड्ड्यात वाकून म्हणाले. "जिवंतपणी कधी न सांगता तुझ्या दारात आलो नाही, आज थेट छप्परच काढतोय." सावलीत चटईवर लोसा कण्हत होती.

हाडांना हात लावायचा तो थोरल्या लेकीनं. खोबरेल तेल माखलेल्या हातांनी सिआलेनं आईची कवटी मांडीवर घेतली, जबडा लावून पाहिला. मुळं होती, पण हाडांना वळसा घालून पलीकडे गेलेली. आणि दात? सगळेच्या सगळे जागेवर, एकालाही कीड नाही.

"सापडलं का, ताई?"

तिच्या बोटांशीच एक कोवळं मूळ लोंबत होतं. ते तोडून दातांत अडकवायला कितीसा वेळ? तिनं ते धरलंसुद्धा. तेवढ्यात लोसाला ठसका लागला. लाळ गिळता येईना, ती हनुवटीवरून ओघळली.

"नाही," सिआले म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. "आईनं काही केलेलं नाही रे. मी केलं. रोज रात्री झोपताना गोड दूध पाजलं मी तिला. विष गळ्याशी आलंय फेलेती, पळ! बोट गाठ!"

फेलेतीनं पोरीला खांद्यावर घेतलं.

"आत्या... तू पण चल," लोसा कशीबशी बोलली.

सिआले उठू लागली.

"तू इथंच बस," फेलेती ओरडला. ताई म्हणाला नाही. सगळ्यांदेखत ओरडला आणि पळत सुटला. सेमिसीकाका कुदळ टाकून त्याच्यामागे गेले.

थोड्या वेळानं धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. धक्का हाकेच्या अंतरावर होता, पोर वेळेत पोचली असणार. सिआलेनं झाडाची साल कुटून केलेलं नवं कापड अंथरलं आणि आईला त्यात ठेवायला घेतलं. पण जबडा काही केल्या बसेना. पुन्हा पुन्हा उघडत होता.

"मिट ना गं आता तोंड, आई," ती म्हणाली. "सांगितलं ना मी त्याला."