तिसरा शेरा

फ्रीझरच्या कडेला साचलेला बर्फ तिने लाकडी पट्टीने खरवडला आणि सर्वांत खालचा खण ओढला. जाड हातमोज्यांतूनही गारठा बोटांत शिरला. खणात छोट्या नळ्यांचे डबे होते. प्रत्येक नळीत एकेका मुलाचं रक्त, झाकणावर तिच्याच अक्षरातला क्रमांक. वाढत्या वयात स्नायू झिजवत नेणाऱ्या एका विरळ आजाराची ही मुलं. एकवीस वर्षांचं काम. महिनाअखेरीला प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार होती, आणि फ्रीझर बंद झाला की या सगळ्यावर पाणी पडणार होतं.

टेबलावर सरकारी संशोधन मंडळाचं पत्र होतं. लागोपाठ तिसरा नकार. ती या कामात पडली तेव्हा तीन अर्जांतला एक तरी मंजूर व्हायचा. आता शंभरातले नऊ. निधी घटलेला नाही, असं मंडळ दरवर्षी छातीठोकपणे सांगायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पातेलं तेवढंच होतं, जेवणारे चौपट झाले होते.

पत्राला तीन परीक्षकांचे शेरे जोडलेले होते, अर्थात नावांशिवाय. पहिले दोन कोमट: प्रश्न महत्त्वाचा, पण रुग्ण फार थोडे. तिसऱ्याने मात्र पैकीच्या पैकी गुण देऊन लिहिलं होतं, 'हे नमुने गेले तर पुन्हा मिळणार नाहीत. यातली बरीच मुलं आता नाहीत.' ती ओळ तिने इतक्यांदा वाचली होती की घडीवर कागद फाटायला आला होता. शेवटची विद्यार्थिनी औषध कंपनीत गेल्यापासून या खोलीत तिच्याशी इतकं आपुलकीने कोणी बोललंच नव्हतं.

नमुने सांभाळू शकेल असा माणूस एकच होता. या आजारावर देशात दोघंच काम करायची, ती आणि तो. परिषदांमध्ये लोक त्याला 'एकांडा शिलेदार' म्हणत. आपल्याला मागून काय म्हणत असतील, याचीही तिला कल्पना होती. त्याला फोन करायचं ती आठवडाभर टाळत होती. चार वर्षांपूर्वी त्याचा अर्ज परीक्षणाला तिच्याचकडे आला होता. अर्ज उत्तम होता. पण आपल्याच विषयाची तळी उचलली असं कोणी म्हणू नये, म्हणून तिने हात राखून गुण दिले. त्या वर्षी मंजुरीची रेषा त्याच्या गुणांच्या अगदी थोडी वरून गेली.

तिने हातमोजे काढले आणि नंबर लावला.

त्याने लगेच उचलला. त्याची प्रयोगशाळा केव्हाच बंद झाली होती. तो आता एका कॉलेजात शिकवत होता. तिथे जुना पण चालू फ्रीझर होता आणि त्यात ठेवायला कोणाकडे काही नव्हतं. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तो हो म्हणाला. मग हसला.

"तुमचा अर्ज माझ्याकडे आला होता. सांगायचं नसतं, पण आता मला कोण विचारतंय? मी पैकीच्या पैकी दिले. म्हटलं, आपणच हात आखडला तर परक्यांनी का द्यावं?"

ती स्टुलावर बसली. घडी घातलेला कागद तिने तळव्याखाली दाबून धरला.

"माझ्या वेळी तिघांतल्या एकालाही विषय कळला नव्हता," तो म्हणाला. "निदान मी तसंच धरून चालतो. बरं पडतं."

गप्प बसणं अगदी सोपं होतं. नियमही तेच सांगत होता.

"एकाला कळला होता," ती म्हणाली.

पलीकडे वर्ग सुटल्याचा गलबला ऐकू आला. त्याने डबे एकूण किती आहेत ते विचारलं. तिने सांगितलं. त्याने आकडा पुन्हा म्हणून घेतला, बहुधा लिहून घेत असावा.

"गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतो," तो म्हणाला. "चावी पहारेकऱ्याकडे ठेवा. तुम्ही थांबायची गरज नाही."