बूच लावलेल्या बाटलीची कैफियत

मी एक जुनी काचेची बाटली आहे, मित्रांनो. माझ्या नशिबी सरबत आले नाही, अत्तरही नाही. प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने मला घाण पाण्याच्या नमुन्यासाठी घेतले.

मंडळाचे कायदा अधिकारी होते जिनेंद्र मगदूम. जयसिंगपूरचे, तरुण, बोलण्यात खणखणीत. कोल्हापूरजवळच्या एका कारखान्याचा नाला शेजारच्या शेतकरीण बायडाबाईंच्या विहिरीत झिरपत होता. साहेब स्वतः नाल्यात उतरले आणि त्यांनी मला भरले. लेबलावर त्यांनी सही केली, बायडाबाईंनी साक्षीदार म्हणून आपल्या नावापुढे अंगठा दिला. आता फक्त कारखान्याच्या मॅनेजरची सही राहिली होती. ती नसेल तर हे पाणी त्याच नाल्याचे कशावरून, असे कोर्ट विचारते.

"म्हशी पान्याला तोंड लावंनात सायेब," बायडाबाई म्हणाल्या. "ही बाटली कोर्टात बोलंल न्हवं?"

"बोलेल मावशी. मी बोलायला लावीन तिला."

तो शब्द ऐकून मला केवढा अभिमान वाटला!

मॅनेजर मोठा गोड माणूस. "पावणं, आमच्या दारातनं चहा न घेता जाताय व्हय? सही काय, करू की निवांत!" आमच्या कोल्हापुरात चहाला नाही म्हणणे म्हणजे भांडण काढणे. चहा झाला, मिसळ झाली, गप्पा रंगल्या आणि माझ्यावर लाखेचे सील बसले. सही राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने कानांवर हात ठेवले.

ही चूक होती. चूक कोणाच्याही हातून होते, म्हणून तिचा मला राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा.

खटला सहा वर्षे रखडला. दरम्यान साहेबांनी नोकरी सोडून वकिली सुरू केली. पहिला मोठा अशील मिळाला तो तोच कारखाना. स्वतः कोर्टात उभे राहायची त्यांना लाज वाटली असावी. त्यांनी रोहिणी नावाच्या ज्युनिअरला चिठ्ठीवर एकच ओळ लिहून दिली: "लेबलावरची तिसरी सही बघा." माझे तोंड न उघडताच खटला निकालात निघाला, कारखाना सुटला. बायडाबाई कोर्टाच्या पायरीवर बसून होत्या. साहेब मागच्या दाराने गेले.

मंडळाने मला भंगारात काढले, तेव्हा साहेबांनी मला मागून घेतले. मला वाटले, पश्चात्ताप झाला! कसला पश्चात्ताप? ते एका विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि मी त्यांच्या टेबलावर मिरवू लागले. येईल त्याला ते सांगत, "ही माझ्या लढाईच्या दिवसांतली बाटली." लोक माना डोलवत. मी मात्र मूग गिळून गप्प. तोंडाला बूच असल्यावर दुसरे काय करणार?

गेल्या महिन्यात विधी विभागाची एक विद्यार्थिनी, संयोगिता, अर्जावर सही घ्यायला आली. साहेबांनी सवयीने माझी गोष्ट सुरू केली. तिने मला उचलले आणि लेबल वाचता वाचता ती थबकली.

"सर, हा माझ्या आज्जीचा अंगठा हाय. आन् हितं तिसरी सहीच न्हाय की."

साहेबांनी मला तिच्या हातातून अलगद काढून घेतले.

"आज्जी मरंस्तवर म्हणत हुती, बाटली बोलंल. विहीर बुजवली आम्ही, सर. बाटली द्या मला. तपासून घेते."

"उद्या ये," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज तोच होता, नाल्यापाशी शब्द देणारा. मी वेडी पुन्हा फसले.

ती जाताच त्यांनी कृष्णात शिपायाला हाक मारली. "ही बाटली जुनी झालीय. धुऊन काढ, मनीप्लांट लाव." कृष्णातने सील फोडले. वीस वर्षांची साक्ष बेसिनमधून निघून गेली. लेबल साबणाने निघेना, म्हणून त्याने ते नखाने खरवडले.

दुसऱ्या दिवशी संयोगिता आली. मी लख्ख, पारदर्शक, हिरव्या वेलीसह टेबलावर उभी. तिने मला ओळखलेसुद्धा नाही.

मित्रांनो, वस्तू स्वच्छ ठेवा, असे आम्ही वस्तूंनी शेवटी सांगायची पद्धत आहे. मी तसे सांगणार नाही. एखादी बाटली कोणी फार घाईने धुवायला घेतली, तर त्याचा हात धरा. आधी विचारा, आत काय होते?