डॉक्टर बोटीवर आहेत

केबल काढायची ठरली त्या दिवशी चष्मेवाल्याच्या घरात दोन माणसं आनंदाने नाचायचीच काय ती बाकी होती, आणि तिसऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिसरा म्हणजे खुद्द चष्मेवाला.

"बाबा, हा खोका गेला म्हणून समजा!" लेक सेट-टॉप बॉक्सवर थाप मारत म्हणाली. शिक्षण संपवून ती महिन्यापूर्वीच बाहेरगावाहून परतली होती आणि आल्या आल्या घर सुधारायला निघाली होती. "आता सगळं इंटरनेटवर. हवं ते, हवं तेव्हा. आणि आई, तुझी मालिका तर पहिल्या भागापासून सगळीच्या सगळी आहे त्यात!"

"पहिल्या भागापासून? मी कामावर असताना झालेले भाग पण? अगं बाई गं!" बायकोने लेकीचा गालगुच्चाच घेतला.

"पण केबलचं चित्र कसं स्वच्छ दिसतं," चष्मेवाला म्हणाला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माणूस जुन्या वळणाचा असेल, नवीन काही आलं की कुरकुर करणारा. छे हो! नव्या यंत्रांचं त्याला भारी वेड. दुकानात भिंगं घासायचं नवं यंत्र आलं तेव्हा हा पठ्ठ्या दोन दिवस जेवायला घरी आला नव्हता. त्याचं दुखणं निराळं होतं, आणि ते त्याने आपल्या हाताने ओढवून घेतलं होतं.

त्याची बायको इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्रीवर होती. सोमवार ते शनिवार दुपारची पाळी, घरी यायला साडेआठ. मालिका सातला. एका देखण्या डॉक्टरची मालिका होती ती. तेव्हा दुकान बंद करून चष्मेवाला सातला टीव्हीसमोर बसायचा आणि ती जेवायला बसली की तिला भाग सांगायचा. घास हातात धरून ती "मग? पुढे?" करत राहायची. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ती इस्त्रीच्या खोलीत सांगायची, कारण तिच्या पाळीतल्या सातही जणींना मालिका बघणं जमत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एकदा नेमकी सातला केबल गेली. त्या दिवशी लाँड्रीतलं मोठं यंत्र बंद पडून सगळ्या चादरी हाताने कराव्या लागल्या होत्या. बायको दारात आली तेव्हा तिला हात वर उचलवत नव्हते. पण चपला काढायच्या आधी विचारती झाली, "अहो, डॉक्टरचं लग्न मोडलं ना?" तो दमलेला चेहरा, त्यातले ते टपोरे डोळे! केबल गेली होती, एवढं सांगायला त्याची जीभ उचलेना. मग दिलं ठोकून. लग्न मोडलं, आणि डॉक्टर लग्नाच्या कपड्यांतच बंदरावर जाऊन बोटीवर चढले.

दुसऱ्या दिवशी केबल आली. बघतो तर काय, डॉक्टरचं लग्न थाटामाटात लागलेलं! आली का पंचाईत? बोटीवर चढवलेल्या माणसाला आता उतरवायचं कसं? चष्मेवाल्याने अर्धा तास डोकं खाजवलं आणि बोट सोडून दिली.

ती सुटली ती सुटलीच. तीन वर्षं! बोटीवर डॉक्टरने दवाखाना थाटला. साथ आली, वादळ आलं, एक मुका स्वयंपाकी आला आणि बिचारा गेलाही. चष्मेवाला रोज सातला टीव्ही बंद करायचा, डोळे मिटून खुर्चीत बसायचा आणि भाग रचायचा. एकदा बायकोची एक मैत्रीण रजेवर होती. तिने घरी मालिका पाहिली आणि डॉक्टरला जुळं झाल्याची बातमी आणली. "दुसरीच मालिका असेल ती, हल्ली सगळ्या सारख्याच दिसतात," चष्मेवाला म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

"आणि ऐका ना!" बायको आता सांगत होती. "येत्या रविवारी आमच्या सगळ्याजणींना बोलावलंय मी. मुकादमबाईसुद्धा येणारेत!"

चष्मेवाल्याची पाचावर धारण बसली. हसं होईल याची त्याला तितकीशी भीती नव्हती. पण जेवताना ती त्याच्याकडे ज्या डोळ्यांनी बघायची, ते डोळे पुन्हा तसे बघणार नाहीत, याची मात्र होती. आयुष्यात दुसरं कुणी त्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

खरं सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं. शुक्रवारी ती घरी आल्यावर धीर करून म्हणाला, "अगं, तुला एक सांगायचंय."

"डॉक्टरचं? थांबा थांबा, हात धुऊन आले!" ती धावलीच. मग काय, झालं! आणखी एक भाग सांगून बसला गाढव. शनिवारी पुन्हा तोंड उघडलं, तर तिनेच त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आज काही नका सांगू. उद्या डोळ्यांनी बघायचंय!"

रविवार उजाडला. सकाळीच एक तरतरीत मुलगी येऊन राउटर बसवून गेली. त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा चष्मेवाल्यालाही क्षणभर आपलं दुःख विसरायला झालं. दुपारी लाँड्रीची फौज आली. सात जणी आणि मुकादमबाई. पलंग भरला, खुर्च्या भरल्या, दोघी जमिनीवर बसल्या. काय ती बडबड, काय ते खिदळणं! लेक रिमोट हातात घेऊन मधोमध उभी राहिली आणि तिने कालचा भाग लावला.

पडद्यावर डॉक्टर आले. घरात, सोफ्यावर. दोन्ही मांड्यांवर एकेक मूल.

"ही कुठली गं?" कुणीतरी म्हणालं.

"बोट कुठाय?"

"मागे जा, मागे जा!"

लेक दहा भाग मागे गेली. पन्नास गेली. मग थेट लग्नाच्या भागावर गेली. डॉक्टर हार घालून हसत उभे होते. "आई, मालिका हीच आहे," लेक गोंधळून म्हणाली, "पण हिच्यात बोट नाहीच आहे."

दहाच्या दहा माना चष्मेवाल्याकडे वळल्या.

"केबल गेली होती," तो म्हणाला. तीन वर्षं उशिरा का होईना, एकदाचं बोलला. मग सगळंच सांगितलं, खाली मान घालून.

"तीन वर्षं?" बायको म्हणाली.

"तीन वर्षं."

"आणि तो मुका स्वयंपाकी?"

"तोही माझाच."

"मी त्याच्यासाठी किती रडले होते हो!"

"माहितीये. मीही रडलो होतो."

मग मुकादमबाई उठल्या. या बाई आत आल्या की लाँड्रीतली यंत्रंसुद्धा नीट चालायला लागतात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी लेकीच्या हातातला रिमोट घेतला आणि टीव्ही बंद करून टाकला.

"भाऊजी, ती जुळी पोरं आम्हाला नकोत," त्या म्हणाल्या. "परवा बोटीला आग लागलीये. ती विझली का? आणि कप्तानाच्या बहिणीने डॉक्टरला होकार दिला की नाही? तेवढं कळल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. अहो, नुसता पडला नाही, उड्या मारायला लागला! "विझणार, आग विझणार!" तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "तर झालं काय..." आणि मध्येच थबकला. "कप्तानाची बहीण? कोण कप्तानाची बहीण?"

"असं काय करता? ती दुर्बीणवाली!" सगळ्या एकदम ओरडल्या. "दीड वर्ष झालं की तिला!"

त्याच्या बोटीवर कप्तानाची बहीण नव्हती. कधीच नव्हती. त्याने सावकाश बायकोकडे बघितलं. तिचे कान लालेलाल झाले होते.

"तुम्हाला ताप आला होता ना मागे," ती पुटपुटली. "चार दिवस काही सांगितलंच नाहीत. आणि ह्या सगळ्या इस्त्र्या बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या! काय करणार मी? चढवली एकीला बोटीवर."

"आणि मला बोलली नाहीस?"

"कशी बोलणार? तुम्ही म्हणाला असतात, मालिकेत असलं कुणी नाहीच!"

हसता हसता एक जण पलंगावरून खाली आली. लेक भिंतीला टेकून डोळे पुसत होती. चष्मेवाला मात्र हसत नव्हता. तो बायकोच्या पुढ्यात येऊन बसला होता, पुढे वाकून, डोळे मोठे करून.

"मग?" त्याने विचारलं. "दिला का तिने होकार?"

"सांगते," बायको म्हणाली. "पण आधी तुम्ही आग विझवा. ती बिचारी खालच्या खोलीत अडकलीये."