कांजी नसलेल्या चिठ्ठ्या

"मुली, बाबांच्या चिठ्ठ्या जरा नीट बघत जा," बाबांची चिठ्ठी घेऊन आलेले छापखान्यातले मुद्रितशोधक काका तिला म्हणाले होते. "जपानी लिहिताना हल्ली ते कांजीची अवघड चित्राक्षरं गाळायला लागलेत."

"अहो काका, माझ्यासाठी सोपं करतायत! मी अजून जपानीच्या पहिलीत आहे ना," ती हसली. कडेवर आठ महिन्यांची लेक किरकिरत होती. विषय तिथेच संपला.

बाबांनी तीस वर्षं यंत्रांची जपानी माहितीपुस्तकं मराठीत आणली होती. बाळंतपणात लेकीचं डोकं गंजू नये म्हणून ते तिला दर आठवड्याला जपानीत चिठ्ठी पाठवत. लिप्या त्यांनी तिला स्वयंपाकघरातच समजावल्या होत्या.

"हिरागाना म्हणजे घरची माणसं. गोलमटोल, दिवसभर राबणारी. काताकाना म्हणजे पाहुणे, परक्या भाषेतून आलेले शब्द. टोकदार, जरा अवघडून बसलेले. आणि कांजी म्हणजे वडीलधारी. एकेका अक्षरात आख्खा अर्थ, पण सगळ्यांची ओळख व्हायला जन्म जातो. एका वाक्यात तिघंही नांदतात बरं का!"

"आणि तुम्ही कोण?"

"मी? दारावरची घंटा! कोण आलं ते सांगणारी."

हळूहळू चिठ्ठ्या सोप्या झाल्या. आधी अवघड कांजी गेली, मग साधीही. एक चिठ्ठी तर निव्वळ हिरागानात आली. तिने ती शब्दकोश न उघडता एका दमात वाचली आणि ऐटीत उत्तर लिहिलं, "बाबा, मला यायला लागलं!"

पाळण्याजवळ भिंतीवर एक कार्ड होतं. नात झाली त्या दिवशी बाबांनी त्यावर 'चंद्र' या अर्थाचं कांजी काढलं होतं. जेमतेम चार रेघा. काकांनी टोकलं त्याला वर्ष होत आलं असताना एका दुपारी बाबा आले आणि कार्डासमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आहे गं. काय आहे हे? कोणी काढलं?"

"बाबा, पुरे हं थट्टा."

ते थट्टा करत नव्हते. उत्तर न आलेल्या मुलाने बाईंकडे बघावं, तसे तिच्याकडे बघत होते.

"स्मृतिभ्रंश आहे. वर्षभर आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन तिने सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे जमिनीवर मांडल्या. एकेक वडीलधारं उठून निघून गेलेलं दिसत होतं. आणि दर वेळी ती मात्र टाळ्या पिटत राहिली होती.

तुमच्याही घरात कोणाच्या तरी हातची जुनी चिठ्ठी असेल. त्यांच्याकडून आज दोन ओळी लिहून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. काहीतरी निमित्त काढा, पण आजच जा.