फुलं गळाल्यावरचं ऑर्किड

बाओचूचा गुडघा बदलला आणि तैवानातल्या ताइनान शहराच्या त्या गल्लीत सकाळची माशाची पेज मिळेनाशी झाली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मिळून तिला पांढऱ्या ऑर्किडची कुंडी पाठवली, लाल फीत बांधलेली. तिचा पेजेचा ठेला घराच्या खाली होता आणि ती वरच्या खोलीत पडून होती. कुंडी तिने खिडकीत ठेवायला लावली.

तिची सेवा करायला थोरली नणंद आग्वेई येऊन राहिली होती. स्वयंपाक उत्तम, जीभ तिखट.

नववर्ष उलटलं तशी फुलं माना टाकू लागली. रोज सकाळी दोन-तीन जमिनीवर दिसायची.

"आजारी माणसाच्या उशाशी सुकलेलं झाड ठेवत नाहीत," आग्वेई केर काढता काढता म्हणाली. "लोक म्हणतील, पेजवालीचं आता संपलं."

"फुलं संपलीत, वन्सं. झाडाला काय झालंय? पानं बघा, कशी कडक आहेत."

"तुझं तूच बघ. खाली उतरून चार पावलं चाल म्हटलं तर उद्या म्हणतेस, आणि झाडाची वकिली."

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली. डुलकीतून जाग येऊन बाओचूने खिडकीतून खाली पाहिलं. आग्वेईच्या एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात ती कुंडी.

"वन्सं, कुंडी खाली ठेवा."

वन्संनी वर पाहिलंच नाही.

बाओचूने काठी घेतली. घरी आणल्यापासून तिने जिन्याला पाय लावला नव्हता. दवाखान्यातल्या पोरीने शिकवलेलं तिला पाठ होतं : उतरताना दुखरा पाय आधी, मग चांगला. कठडा धरून ती उतरत गेली. मध्यावर गुडघा ठणकला तेव्हा ती थांबली, दम घेतला आणि पुन्हा उतरली. आपण पडू असं तिला एकदाही वाटलं नाही.

ती दारात आली तेव्हा कुंडी गाडीत पडलेली होती. "ती माझी आहे," ती गाडीवाल्याला म्हणाली. त्याने काढून दिली. एक पान अर्धं फाटलं होतं. पिशव्या घेऊन उभे असलेले शेजारी तिच्याकडे बघतच राहिले.

आग्वेईचा चेहरा उतरला. "माझ्यासाठी नाही उतरलीस कधी," ती म्हणाली.

"तुम्हाला कधी कुणी गाडीत टाकलंय?"

शेजारीण खुदकन हसली. मग आग्वेईलाही हसू आवरेना. तिने कुंडी काखेत मारली आणि दुसरा हात वहिनीला दिला.

दुसऱ्या दिवशी बाओचूने ठेल्याच्याच टेबलावर सगळं मांडलं. कात्रीचं पातं गॅसवर धरून तापवलं, निवू दिलं. फुलांचे सुकलेले दांडे तळाशी कापले. एका कुंडीत तीन झाडं कोंबलेली निघाली. काळी, मऊ पडलेली मुळं तिने काढून टाकली आणि झाडं मातीऐवजी नव्या, सुक्या शेवाळात वेगवेगळी लावली.

"पाणी रोज घालायचं?" आग्वेईने विचारलं.

"मुळं पांढुरकी दिसली की घालायचं. हिरवी असली की हात लावायचा नाही. तुम्हाला राहवायचं नाही, सांगून ठेवते."

आग्वेईला खरंच राहवलं नाही. एक झाड तिने पाणी घालून घालून कुजवलं आणि दोन दिवस त्याचं नाव काढलं नाही. उरलेल्या दोन झाडांपैकी एक तिने गावी जाताना मागून नेलं.

उन्हाळ्यात बाओचूने पेज पुन्हा सुरू केली. दुपारी ती देवळापर्यंत चालत जाऊन यायची. पानांखेरीज तिच्या झाडाला काही नव्हतं. गिऱ्हाइकं फुलांचं विचारायची, तेव्हा ती ठाम सांगायची, "थंडी पडू दे, येतील."

थंडी पडली आणि एके सकाळी आग्वेईचा फोन आला.

"माझ्या झाडाला पानाच्या बगलेतून काहीतरी फुटलंय. मूळ की दांडा?"

"टोक कसं आहे? गोल असलं तर मूळ."

"गोल नाही. चपटं आहे, लहान मुलाच्या हातमोज्यासारखं."

"मग दांडा आहे, वन्सं."

"तुझ्याला आला?" आग्वेईने विचारलं.

"अजून नाही."

"येईल," आग्वेई मोठ्या जाणकारासारखी म्हणाली. "आणि कुंडी सारखी फिरवत बसू नकोस. दांडा वाकडा होतो."