पेल्यातला गाळ

“तम्मा, वांगी निगंस्तवर गप ऱ्हा की,” मल्लव्वा धाकट्या भावाला म्हणाली. “दोन म्हैन्यांचा तर सवाल हाय.”

चनमल्लप्पानं काचेचा पेला उन्हात धरला. बुडाशी चिमूटभर गाळ बसला होता. शंभर वर्षं जुन्या त्या तलावावर तो वीस वर्षं चौकीदार होता. रोज सकाळी मातीच्या बांधाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी पेल्यात घ्यायचं नि उजेडात बघायचं. नितळ असलं तर घोर नाही. गढूळ आलं, की समजायचं बांध आतून पोखरतोय. आणि नेमक्या त्याच पाझरावर त्याच्या विधवा बहिणीची विहीर जगत होती. बहात्तरच्या दुष्काळात सगळं रान करपलं, तेव्हाही मल्लव्वाची वांगी सोलापूरच्या बाजारात जात होती.

“अक्का, पानी माती घिऊन येतंय. हस्ताचा पाऊस तोंडावर हाय. खाली आख्खं गाव हाय.”

“गावानं मला काय दिलंय? जगवलं ते ह्या गळक्या बांधानंच की.”

दोन दिवस चनमल्लप्पा मूग गिळून बसला. आई गेल्यावर ह्याच बहिणीनं त्याला लहानाचं मोठं केलेलं, जीभच रेटेना. तिसऱ्या दिवशी पेल्यात चहाच्या रंगाचं पाणी आलं. आता कुठवर डोळेझाक करायची? सायकल काढून तो थेट सोलापुरात पाटबंधारे खात्याच्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

लगोलग माणसं आली. तलावाचं पाणी उतरवलं, बांधात खोल चर खणून काळी चिकणमाती ठासून भरली. पाझर बंद झाला. “शाब्बास चनमल्लप्पा, गाव वाचवलंस!” म्हणत साहेबांनी पाठ थोपटली. त्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संक्रांत सरता सरता विहिरीनं तळ गाठला. मल्लव्वा सोलापूरच्या भवानी पेठेत विड्या वळायला निघाली. जाताना चौकीवर आली; काखेत बोचकं, हातात कळशी. कळशीतलं घोटभर पाणी तिनं त्याच्या पेल्यात ओतलं.

“इहिरीतलं शेवटचं हाय. बघ, गढूळ हाय न्हवं? जा, सांग तुज्या सायबास्नी.”

ती चालू लागली. पेला धरून तो तिथंच बसून राहिला. बऱ्याच वेळानं गाळ खाली बसला. वरचं नितळ पाणी त्यानं तिच्या रानात नेऊन एका वांग्याच्या बुडाशी ओतलं. रोप केव्हाच वाळलं होतं.